तांब्यावर उगवलेली तीन झाडं

मुलांनो, गेल्या आठवड्यात आपण कुंभाराच्या चाकावर मडकं कसं चढतं ते पाहिलं. आज आपण एका चित्रामागचे हात शोधणार आहोत. हे चित्र आपल्याकडचं नाही. ते आहे हॉलंडमधल्या ॲमस्टरडॅम शहरातलं, १६४३ सालचं. हे साल लक्षात राहावं म्हणून एक खूण सांगते. शिवरायांचा जन्म १६३० चा. म्हणजे हे चित्र तयार होत होतं, तेव्हा शिवराय तुमच्यातल्या सातवी-आठवीच्या मुलांएवढे, १३ वर्षांचे होते.

चित्राचं नाव 'तीन झाडं'. चित्रकाराचं नाव रेम्ब्रांट. युरोपात साधारण १६०० पासून पुढच्या दीडशे वर्षांतल्या कलेला 'बरोक' म्हणतात. उजेड आणि अंधार यांचा जोरदार खेळ, ही त्या काळच्या चित्रांची एक मोठी ओळख. रेम्ब्रांट त्या खेळातला मोठा उस्ताद.

चित्र आकाराने केवढं असेल? भिंतभर? छे! २१ सेंटीमीटर उंच आणि २८ सेंटीमीटर रुंद. तुमच्या शाळेत झेरॉक्ससाठी जो कागद वापरतात ना, त्याच्यापेक्षाही किंचित लहान. पण त्यात काय काय मावलंय पाहा. उजवीकडे उंचवट्यावर तीन झाडं उभी आहेत. डावीकडे वरच्या कोपऱ्यात पावसाच्या तिरप्या सरी आहेत. आकाशात ढगांची नुसती घुसळण चालली आहे. खाली सपाट कुरणं, चरणारी गुरं आणि पार दूर क्षितिजावर शहराची पुसट रेघ. डाव्या कोपऱ्यात पाण्याकाठी एक माणूस गळ टाकून बसलाय, त्याच्याजवळ एक बाई बसली आहे. उजवीकडे टेकाडावर एक गाडी माणसं घेऊन चालली आहे. आणि अगदी उजव्या टोकाला, सगळ्यांकडे पाठ करून एक चित्रकार चित्र काढत बसलाय! भिंगाशिवाय तो सहज सापडत नाही.

आता खरी गंमत. या चित्रात रंग नाही. पेन्सिल नाही. ब्रशही नाही. नुसत्या रेषा आहेत, आणि त्या कागदावर काढलेल्याच नाहीत. त्या काढल्या तांब्याच्या पत्र्यावर, आणि कोरल्या आम्लाने! या प्रकाराला एचिंग म्हणतात. मराठीत त्याला 'अम्लरेखन' असा छान शब्द आहे.

भेंडीचा ठसा आणि तांब्याचा ठसा

भेंडीचे नाहीतर बटाट्याचे ठसे तुम्ही चित्रकलेच्या तासाला केलेच असतील. त्यात जो भाग वर उठलेला असतो त्याला रंग लागतो आणि तोच कागदावर उमटतो. एचिंगमध्ये बरोबर उलटं. इथे शाई बसते खोल गेलेल्या रेषेत, आणि वरचा सपाट भाग पुसून स्वच्छ करतात. मग ओलसर कागद त्यावर जोराने दाबला, की तो खाचेत शिरून शाई उचलून आणतो.

तांब्यावर रेषा खोल करायची एक जुनी रीत होतीच. पोलादी छिन्नीसारखं हत्यार तळहाताने ढकलत तांबं कोरायचं. पण ते काम फार जड. वळणदार रेषा काढायची तर हात दुखून यायचे, आणि शिकायला वर्षं लागायची. झाडाची पानं, उडणारे ढग, वाऱ्याने वाकलेलं गवत हे सगळं असं ढकलत ढकलत कसं काढणार?

मग चित्रकारांनी काय केलं? तांब्यावर मेणाचा पातळ थर दिला आणि सुईने नुसतं मेण खरवडलं. मेणावर सुई वहीतल्या पेन्सिलीसारखी मोकळी धावते. तांबं कोरायचं कष्टाचं काम सोपवलं आम्लाकडे. म्हणून तर निसर्गदृश्य काढणाऱ्यांना एचिंग इतकं आवडलं.

रेम्ब्रांटची एक सांगोवांगीची गोष्ट आहे. तो जेवायला एका मित्राकडे खेडेगावात गेला. पानं वाढली, पण मोहरीची चटणीच नाही. नोकर ती आणायला धावला. तो परत येईपर्यंत रेम्ब्रांटने जवळचा मेण लावलेला पत्रा काढला आणि समोरच्या पुलाचं चित्र काढून मोकळा झाला! १६४५ सालचं ते पुलाचं चित्र आजही आहे. चटणीची गोष्ट खरी असो वा नसो, एचिंगची सुई किती झरझर चालते हे त्यावरून कळतं.

पण मुलांनो, झरझर चालली ती फक्त सुई. तिच्या आधी आणि नंतर जे काम असतं, ते मात्र हळूहळूच करावं लागतं.

सुईच्या आधी

पहिलं काम तांबटाचं. तो तांबं ठोकून ठोकून सपाट पत्रा करायचा. मग पाणी टाकत तो दगडाने घासायचा, त्यानंतर कोळशाने घासायचा. शेवटी तो आरशासारखा लखलखीत व्हायचा. एवढं का घासायचं? कारण पत्र्यावर केसाएवढा चरा राहिला, तरी त्यात शाई अडकणार आणि आकाशात नको ती रेघ उमटणार.

मग पत्रा गरम करून त्यावर मेण, राळ आणि डांबर यांचं मिश्रण अगदी पातळ पसरायचं. नंतर पत्रा उलटा धरून खालून मेणबत्तीची काजळी द्यायची. मेणाचा थर काळाभोर होतो. आता सुईने खरवडलं की खालचं तांबं चमकतं. म्हणजे चित्रकार काळ्यावर चकाकती रेघ काढत असतो, आणि मनात मात्र पांढऱ्यावर काळी रेघ पाहत असतो!

आणखी एक अडचण आहे. छापल्यावर चित्र आरशातल्यासारखं उलटं होतं. डावीकडचं उजवीकडे जातं. सहीसुद्धा पत्र्यावर उलटी करावी लागते. रेम्ब्रांटने १६५० मध्ये एका सुंदर शंखाचं एचिंग केलं. सही त्याने बरोबर उलटी कोरली, त्यामुळे छापात ती सुलटी आली. शंख मात्र समोर दिसला तसाच पत्र्यावर काढला. झालं! छापात त्या शंखाचा पीळ निसर्गात असतो त्याच्या उलट दिशेला आला. इतक्या थोर चित्रकाराच्या चित्रातला शंखही असा डावरा होऊ शकतो बरं का!

आम्ल आणि घड्याळ

आता पाळी आम्लाची. आब्राम बॉस नावाच्या फ्रेंच कलाकाराने १६४५ साली पॅरिसमध्ये या कलेवर एक पुस्तक छापलं. त्यात त्याने सगळी कृती चित्रांसह दिली आहे. एका मिश्रणात व्हिनेगर आहे, मीठ आहे, तांब्यावर धरतो तो हिरवा जंगाल आहे आणि नवसागर आहे. नवसागर म्हणजे काय, ते आजी-आजोबांना विचारा. पूर्वी गल्लीत कल्हईवाला यायचा, तो तापलेल्या भांड्यात जी पांढरी पूड टाकायचा आणि भस्सकन धूर निघायचा, तोच हा नवसागर.

पत्रा उतरत्या फळीवर ठेवायचा. भांड्याने हे मिश्रण वरून ओतायचं. ते वाहत खाली जमा झालं की पुन्हा भांड्यात भरायचं आणि पुन्हा ओतायचं. असं कितीतरी वेळ. मेण आहे तिथे आम्ल काहीच करू शकत नाही. जिथे सुईने मेण निघालंय तिथे ते तांबं खाऊ लागतं. जितका वेळ जास्त, तितकी रेषा खोल. जितकी खोल, तितकी शाई जास्त. आणि जितकी शाई जास्त, तितकी छापलेली रेघ काळी.

इथेच निसर्गदृश्याचं सगळं गुपित आहे. नीट लक्ष द्या हं!

तुम्ही डोंगर पाहता तेव्हा जवळचं झाड गडद दिसतं आणि दूरचा डोंगर पुसट, हो ना? हे एचिंगमध्ये कसं आणायचं? थोडा वेळ आम्ल ओतायचं. मग थांबून पत्रा धुवायचा, वाळवायचा. आता दूरच्या डोंगराच्या रेषांवर चरबी आणि तेलाचं मिश्रण ब्रशने लावून त्या झाकायच्या. त्या रेषांचं काम संपलं. त्या बारीक आणि फिकटच राहणार. पुन्हा आम्ल. पुन्हा थांबायचं. आता मधली घरं झाकायची. पुन्हा आम्ल. शेवटी उरतात ती अगदी जवळची झाडं. त्यांना सगळ्यात जास्त वेळ मिळतो, म्हणून ती सगळ्यात काळी होतात.

म्हणजे कागदावर जे अंतर दिसतं, ते खरं तर वेळ असतो! दूरच्या डोंगराला थोडा वेळ, जवळच्या झाडाला पुष्कळ.

हे तंत्र फार सफाईने वापरलं जाक कालो या फ्रेंच कलाकाराने. त्याचा जन्म १५९२ चा. मेणाचा थर कधीकधी मध्येच तडकतो आणि आम्ल नको तिथे शिरतं, ही त्याच्या वेळची मोठी डोकेदुखी होती. कालोने मेणाऐवजी ल्यूट नावाचं तंतुवाद्य बनवणारे लोक लाकडाला जे कडक रोगण लावत, ते वापरलं. हा थर सहज तडकत नसे. त्यामुळे एकच पत्रा निर्धास्तपणे पुन्हापुन्हा आम्लाखाली धरता येऊ लागला. १६२० मध्ये त्याने इटलीतल्या इम्प्रुनेता गावच्या जत्रेचं एचिंग केलं. त्यात हजाराहून अधिक माणसं आहेत, शिवाय घोडे, गाढवं आणि कुत्री. जवळची माणसं ठसठशीत, आणि मागे टेकडीपर्यंत पसरलेली जत्रा फिकट होत गेलेली. वाद्याच्या रोगणाने चित्राला असं दूरवरचं दिसू लागलं!

तांब्याचं खोडरबर

तुम्ही विचाराल, "बाई, रेघ चुकली तर?" तांब्यावर खोडरबर चालत नाही. चुकलेली रेघ धारदार हत्याराने खरवडायची. मग गुळगुळीत पोलादाने तो भाग घोटून घोटून सपाट करायचा. पण खरवडल्याने तिथे खळगा पडतो. मग पत्रा उलटा करून मागून हळूच हातोडीने ठोकायचं, म्हणजे खळगा वर येतो. एक रेघ पुसायला असे तासन् तास. तरीही एखादी खूण उरतेच.

याचं एक मजेदार उदाहरण हॉलंडच्याच हर्क्युलिस सेगर्सचं. रेम्ब्रांटच्या आधीच्या पिढीतला हा कलाकार. तांबं महाग होतं. सेगर्सकडे एका मोठ्या जहाजाचं चित्र कोरलेला पत्रा होता. तो त्याने कापला आणि तुकड्यांवर निसर्गदृश्यं काढली. जहाज काही पुरतं पुसलं गेलं नाही. त्यामुळे त्याच्या काही चित्रांत खाली डोंगर-दऱ्या आणि वर आकाशात जहाजाचे दोर दिसतात!

पुढे सेगर्सचा एक पत्रा रेम्ब्रांटकडे आला. त्यावर झाडी होती आणि एका देवदूताबरोबर चाललेला मुलगा होता. रेम्ब्रांटने ती दोघं घासून काढली आणि त्या जागी बाळ येशूला घेऊन निघालेले त्याचे आईवडील काढले. झाडी मात्र सेगर्सचीच ठेवली. त्या झाडीत नीट पाहिलं तर पुसलेल्या देवदूताच्या पंखाची कड अजून दिसते.

सेगर्स रंगीत शाईने छापायचा, रंगवलेल्या कागदावर छापायचा, कापडावरसुद्धा छापायचा. एकाच पत्र्याचे दोन छाप सारखे दिसू नयेत, अशी त्याची धडपड. होखस्ट्रातेन नावाच्या रेम्ब्रांटच्या शिष्याने १६७८ साली लिहून ठेवलंय, की सेगर्सने छपाईसाठी घरातले सदरे आणि चादरीसुद्धा सोडल्या नाहीत. आणि असंही, की त्याचे छाप विकले जाईनात, तेव्हा दुकानदार त्यात लोणी आणि साबण बांधून देत. आज त्याचे दोनशेहूनही कमी छाप जगात उरले आहेत, आणि मोठमोठी संग्रहालयं ते जिवापाड जपतात.

जवस, चिंध्या आणि चरक

पत्रा तयार झाला तरी चित्र अजून झालंच नाही! आता शाई हवी, कागद हवा.

शाईसाठी काजळीसारखी काळी पूड दगडावर तेलात घोटायची. तेल जवसाचं किंवा अक्रोडाचं, उकळून घट्ट केलेलं. आणि कागद? तो झाडाच्या लाकडाचा नव्हता, चिंध्यांचा होता. फाटके लिननचे कपडे गोळा करणारी माणसं दारोदार फिरत. त्या चिंध्या कुजवून, कुटून त्यांचा लगदा करत आणि त्याचा कागद बनवत. आता ऐका, लिननचं कापड ज्या झाडाच्या धाग्यापासून होतं ते झाडही जवसाचंच! म्हणजे जवसाच्या तेलातली शाई जवसाच्याच धाग्याच्या कागदावर. आपण ज्याची चटणी खातो, तेच हे जवस. रेम्ब्रांट तर दूर जपानहून जहाजाने आलेला कागदही वापरायचा. तो कागद किंचित पिवळसर असे, आणि त्यावर चित्राला मऊ ऊब येई.

मग छापणारा माणूस पत्रा थोडा गरम करायचा, शाई चोळून खाचांत भरायचा आणि वरची शाई फडक्याने पुसायचा. शेवटचा हात तळव्याचा. जास्त पुसलं तर रेषेतली शाई निघून जाते. कमी पुसलं तर चित्र मळकट होतं. हे मोजायचं कुठलंच यंत्र नाही. तळव्यालाच ते कळावं लागतं.

छापायचं यंत्र कसं? तुम्ही उसाचा चरक पाहिला आहे ना? दोन रूळ आणि त्यांच्यामधून जाणारा ऊस. तसंच हे. दोन जाड लाकडी रूळ, मध्ये सरकती फळी. फळीवर पत्रा, पत्र्यावर ओलसर कागद, त्यावर जाड लोकरी कापड. रूळ फिरवायला लांब दांड्यांचं चाक. बॉसच्या पुस्तकातल्या चित्रात छापणारा माणूस हातांनी दांडा ओढतोय आणि पायानेही दुसरा दांडा दाबतोय. सगळं अंग पणाला लावलंय त्याने. मागे दोरीवर छाप वाळत घातलेत, अगदी आपल्याकडच्या कपड्यांसारखे. एक छाप काढला की पुन्हा शाई, पुन्हा पुसणं, पुन्हा ओढणं. शंभर छाप म्हणजे शंभर वेळा हेच!

पत्राही झिजतो. रेम्ब्रांट आम्लाच्या जोडीला सुईने थेट तांबंही ओरखडायचा. 'तीन झाडं'मध्येही त्याने तसं केलंय. अशा ओरखड्याच्या काठाला तांब्याची बारीक कड उभी राहते. ती शाई धरून ठेवते आणि छापात मखमलीसारखा काळा रंग येतो. पण रुळाखाली ही कड लवकर मोडते. थोडेच छाप निघाले की मखमल गेली. म्हणून सुरुवातीच्या छापांना आजही जास्त मोल असतं.

एकच सही

आता मोजा पाहू किती हात झाले. पत्रा ठोकणारा तांबट. चिंध्या गोळा करणारे. लगदा कुटून कागद बनवणारे. तेल गाळणारे. शाई घोटणारा. रूळ ओढणारा. आणि चित्रकार. 'तीन झाडं'च्या डाव्या कोपऱ्यात खाली सही मात्र एकच आहे, रेम्ब्रांटची. यात रेम्ब्रांटचं काही चुकलं असं नाही. डोळा त्याचा होता, सुई त्याची होती. पण त्या बाकीच्या लोकांची नावं कुणीच लिहून ठेवली नाहीत. त्यांच्यातल्या एकाने जरी काम उरकून टाकलं असतं, पत्रा नीट घासला नसता किंवा घाईत पुसला असता, तर ते वादळी आकाश आपल्यापर्यंत पोचलंच नसतं.

ॲमस्टरडॅममध्ये रेम्ब्रांटने १६३९ साली घेतलेलं घर अजून उभं आहे. १९११ पासून तिथे संग्रहालय आहे, आणि तिथे पाहुण्यांना एचिंग छापून दाखवतात. म्हणजे त्या बिननावाच्या हातांचं काम निदान तिथे तरी डोळ्यांनी पाहायला मिळतं.

तुमच्या हातातल्या या अंकाचंही तसंच आहे, नाही का? त्यावर लेखकाचं नाव असतं. पण यंत्रावर उभा राहणारा, गठ्ठे बांधणारा, पहाटे सायकलवरून टाकणारा? पुढच्या वेळी अंक आणणारे काका दिसले, तर त्यांचं नाव विचाराल?

करून पाहा

आम्ल घरी अजिबात हाताळायचं नाही हं! आपण मेणाची गंमत करू. जाड पांढऱ्या कागदावर पिवळ्या, केशरी अशा फिक्या मेणखडूने दाट रंग भरा. त्यावर काळ्या मेणखडूचा जाड थर द्या. आता संपलेल्या रिफिलच्या टोकाने किंवा दात कोरायच्या काडीने खिडकीतून दिसणारं झाड खरवडून काढा. लांबचं असेल ते बारीक आणि विरळ रेषांनी, जवळचं असेल ते ठसठशीत रेषांनी. एका कोपऱ्यात आपलं नाव उलटं लिहा आणि आरशात धरून पाहा, सुलटं दिसतंय का!

आई-बाबांना एक विनंती. चित्र झटपट झालं का, असं मुलांना विचारू नका. "यातलं लांबचं कोणतं आणि जवळचं कोणतं?" एवढंच विचारा, आणि ती सांगतील ते ऐका.

पुढच्या आठवड्यात भेटू, आणखी एका हाताच्या गोष्टीसह.